हात दाखवून सुलक्षण

उजवा तळहात वर करा. अंगठ्याचं आणि करंगळीचं टोक एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आपल्याकडे वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी ताठ उभी राहिली का? लोक तिला शीर म्हणतात, पण ती रक्तवाहिनी नव्हे. ती पामॅरिस लाँगस नावाच्या स्नायूची कंडरा. नाही दिसली तरी जीव टांगणीला लावू नका. साधारण पंधरा टक्के माणसांत ती नसतेच, काहींच्या एकाच हातात असते, आणि नसलेल्यांचं काहीएक अडत नाही. नारळ तेही फोडतात, भाकरी त्याही थापतात.

काही अडत नाही म्हणूनच सर्जन मंडळींचा तिच्यावर डोळा. १९७४ साली अमेरिकेतला बेसबॉलपटू टॉमी जॉन याच्या डाव्या कोपराचा आतला अस्थिबंध तुटला. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याच्या बाबतीत त्या काळी याचा अर्थ एकच, कारकीर्द संपली. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातली ही रिकामटेकडी कंडरा काढली, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि त्यांतून ती ओवली. परत खेळण्याची आशा त्यांनी शंभरात एक सांगितली होती. टॉमी जॉन परतला, १९८९ पर्यंत खेळला, आणि ऑपरेशनच्या आधी १२४ सामने जिंकलेल्या या गड्याने नंतर १६४ जिंकले. त्या ऑपरेशनला आज जग टॉमी जॉन सर्जरी म्हणतं. डॉक्टरांऐवजी पेशंटचं नाव लागण्याचा मान वैद्यकात फार थोड्यांना मिळालाय.

खांद्यापासून करंगळीपर्यंतच्या दुखण्यांच्या दोन जाती. पहिली धीर धरलात तर बहुतेक वेळा आपली आपण बरी होते, आणि तिच्यासाठी आपण एमआरआय काढत सुटतो. दुसरी काही तास थांबलात तरी हात अधू करून जाते, आणि नेमकं तिथे आपण तेल चोळत बसतो. पहिली जात मोठी, दुसरी लहान. वरून खाली येता येता दोघींची ओळख करून घेऊ.

सगळ्यात मोकळा, म्हणून सगळ्यात बेभरवशाचा

हाताचं अख्खं वजन धडाला हाडाने जोडलेलं आहे ते एकाच ठिकाणी: गळ्याखाली, जिथे गळपट्टीचं हाड छातीच्या हाडाला टेकतं. बाकी सगळा भार स्नायूंवर. खांद्याचा सांधा म्हणजे बशीत ठेवलेलं लिंबू. गोळा मोठा, खोबण उथळ. त्यामुळे हात वर जातो, मागे जातो, गोल फिरतो. शरीरातला दुसरा कुठलाही सांधा इतका हलत नाही. त्याची किंमतही तोच चुकती करतो. मोठ्या सांध्यांत सगळ्यात जास्त निखळतो तो खांदाच, आणि निखळला की बहुतेक वेळा पुढच्या बाजूला.

हे दुखणं किती जुनं? इजिप्तमध्ये दुसऱ्या रामसेसच्या काळातल्या इपुई नावाच्या कारागिराच्या थडग्यात भिंतीवर एक चित्र आहे. बांधकामावरचा एक मजूर खाली पडलाय आणि दुसरा त्याचा हात धरून खांदा बसवतोय, असं ते चित्र पाहणारे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा कामावरचा अपघात! पुढे ग्रीसच्या हिप्पोक्रेटिसने पेशंटच्या काखेत आपली टाच रोवून हात ओढायची पद्धत लिहून ठेवली. ती चालायची, पण काखेतून जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या दुखावण्याची भीती असल्याने आता डॉक्टर ती टाळतात. १८७० मध्ये स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांनी ओढाताणीऐवजी हात हळूच बाहेर फिरवून खांदा बसवायची रीत सांगितली, आणि इपुईच्या थडग्यातला मजूर जवळपास तेच करताना दिसतो. कोखरना १९०९ साली नोबेल मिळालं. खांद्यासाठी नव्हे, थायरॉइडवरच्या कामासाठी. हे नाव लक्षात ठेवा, मनगटापाशी त्यांचे वारसदार भेटणार आहेत.

खांदा निखळला तर आखाड्यातल्या वस्तादाकडून ओढून घेऊ नका. आधी एक्स-रे. सोबत हाड मोडलेलं असलं तर ओढल्याने ते आणखी सरकतं. विशीच्या आत पहिल्यांदा निखळलेला खांदा पुन्हा पुन्हा निखळण्याचा धोका मोठा, म्हणून कबड्डी-कुस्तीतल्या पोरांना डॉक्टर दुर्बिणीच्या ऑपरेशनचा विचार लवकर करायला सांगतात. चाळिशीपुढे धोका वेगळा: खांदा बसतो, पण त्या झटक्यात आतली कंडरा फाटलेली असते आणि हात वरच जात नाही.

कासोटा खोचता येईना

पुरुष म्हणतात, मागच्या खिशातलं पाकीट काढता येत नाही. बायका म्हणतात, ब्लाउजचे हूक लागत नाहीत, वेणी घालता येत नाही. धोतर नेसणारे आजोबा म्हणतात, कासोटा खोचायला हात मागे जात नाही. तक्रारी तीन, आजार एक: फ्रोजन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा. सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं, आक्रसतं. जपानी भाषेत त्याला गोजुकाता, म्हणजे पन्नाशीचा खांदा, असंच म्हणतात. नेम अचूक आहे, कारण हा पाहुणा येतो तो चाळीस ते साठच्या दरम्यान, आणि बायकांकडे थोडा जास्त.

ओळखायची खूण सोपी. कोपर कमरेला चिकटवून ठेवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा. आखडलेल्या खांद्यात ही हालचाल आधी जाते. विशेष म्हणजे दुसऱ्या कुणी हात धरून फिरवला तरी फिरत नाही. कंडरा फाटलेल्या माणसाचा हात दुसऱ्याने उचलला तर बहुधा वर जातो. या एका फरकावरून डॉक्टर निम्मं निदान करून मोकळे होतात.

आता महाराष्ट्राच्या कामाची गोष्ट. मधुमेह असलेल्यांना हा आजार इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त होतो, आणि थायरॉइडवाल्यांनाही. काहींना आपल्याला साखर आहे हे कळतं तेच खांद्याच्या निमित्ताने. म्हणून खांदा कारण नसताना आखडला तर आधी रक्त तपासा, मालिशवाला मग शोधा.

'फ्रोजन शोल्डर' हे नाव १९३४ साली रूढ केलं बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी. हा गडी भलताच होता. प्रत्येक पेशंटचं वर्षभरानंतर काय झालं ते हॉस्पिटलने तपासलं पाहिजे आणि जाहीर केलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. सहकाऱ्यांना तो मानवला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःचं छोटं हॉस्पिटल चालवलं आणि तिथून १९११ ते १९१६ मध्ये घरी गेलेल्या ३३७ पेशंटमागे आपल्या १२३ चुका छापून टाकल्या! शंभर वर्षं उलटली, तरी या पंगतीत बसायला आजही फारशी गर्दी नाही.

उपचारांचं म्हणाल तर हा आजार तीन मुक्काम करतो. आधी दुखतो, मग आखडतो, मग सुटतो. सगळा प्रवास एक ते तीन वर्षांचा, आणि बहुतेकांचा हात बऱ्यापैकी मोकळा होतो. थोडी कसर काहींना राहते. दुखण्याच्या मुक्कामात जोरजबरदस्ती नको. पुढे वाकून हात सैल सोडायचा आणि हलकेच झुलवायचा. हा व्यायामही कॉडमनचाच. दुखणं ओसरल्यावर भिंतीवर बोटं चालवत वर चढणं, पाठीमागे टॉवेल धरून चांगल्या हाताने दुखरा हात ओढणं. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन लवकर घेतलं तर दुखणं बरंच हलकं होतं. मधुमेह्यांची साखर मात्र त्यानंतर काही दिवस चढते, तेव्हा मोजत राहायचं. भूल देऊन खांदा सोडवणं आणि दुर्बिणीने आवरण कापणं हे पुढचे मार्ग. ब्रिटनमध्ये ५०३ पेशंटवर या दोन्हींची तुलना फिजिओथेरपी-अधिक-इंजेक्शनशी केली. २०२० मध्ये निकाल आला: वर्षअखेरीस तिघांपैकी कुणीच निर्विवाद जिंकलं नाही. मग आधी स्वस्तातलं का करू नये?

खांद्याच्या आणखी एका ऑपरेशनची अशीच गंमत झाली. हात वर करताना खांद्यात कळ येते म्हणून वरच्या हाडाचं टोक तासून जागा मोकळी करायची पद्धत जगभर जोरात होती. ब्रिटिश संशोधकांनी काही पेशंटचं हाड खरोखर तासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींना काहीच केलं नाही. २०१८ साली छापलेला निष्कर्ष असा, की हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले यांच्यात फरकच नव्हता, आणि काहीच न केलेल्यांपेक्षा ते जरा बरे होते, पण लक्षात यावं इतके नाही. अपघातात फाटलेली कंडरा शिवणं ही वेगळी बाब, तिथे उशीर नको. पण साठीनंतर एमआरआयवर दिसणारी प्रत्येक फाट शिवायची नसते. काही दुखलंखुपलं नाही अशा कित्येक म्हाताऱ्यांच्या खांद्यातही ती सापडते.

आणि कृत्रिम खांदा? पहिला बसवला १८९३ मध्ये पॅरिसच्या पेआँ यांनी, क्षयाने खाल्लेल्या सांध्यात. प्लॅटिनमचा दांडा, रबराचा गोळा, आणि बनवणारा दंतवैद्य! दोनेक वर्षांनी संसर्गामुळे काढावा लागला. १९८५ मध्ये फ्रान्सच्याच पॉल ग्रामाँ यांनी तर निसर्गाचा आराखडाच उलटा केला. गोळ्याच्या जागी खोबण आणि खोबणीच्या जागी गोळा. कंडरा पार निकामी झालेल्या म्हाताऱ्या माणसाचा हात त्यामुळे खांद्यावरच्या मोठ्या स्नायूच्या बळावर वर जातो. हे उलटं ऑपरेशन आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही होतं.

एक सावधगिरी. हात हलवल्यावर न वाढणारं खांद्याचं दुखणं खांद्याचं नसू शकतं. पित्ताशय बिघडलं तर उजवा खांदा दुखतो, मान बिघडली तर कळ हातात उतरते. आणि डावा खांदा, छाती भरून येणं, घाम, धाप हे एकत्र आलं तर अस्थिरोगतज्ज्ञाची वेळ घेत बसू नका. तो हृदयाचा निरोप असू शकतो.

नाव टेनिसचं, दुखणं धुण्याचं

२००४ साली उभ्या महाराष्ट्राला एक इंग्रजी शब्द पाठ झाला: टेनिस एल्बो. सचिन तेंडुलकरच्या कोपराने दगा दिला होता आणि पानटपरीवरही त्या कोपराची चर्चा चालायची. मे २००५ मध्ये लंडनला ऑपरेशन झालं. त्याच डिसेंबरात दिल्लीत श्रीलंकेविरुद्ध त्याने पस्तिसावं कसोटी शतक ठोकून सुनील गावसकरचा चौतीस शतकांचा विक्रम मागे टाकला. शिवाजी पार्कातल्या वादांना तेव्हापासून नवा विषय मिळाला.

पण टेनिस एल्बोच्या पेशंटांत टेनिस खेळणारे मोजकेच. बाकीचे सुतार, रंगारी, पेचकस फिरवणारे इलेक्ट्रिशियन, ओल्या चादरी पिळणाऱ्या बायका. पुरणपोळीच्या घाण्याला सलग बसलेली माणसंही. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथली कंडरा झिजते. तळहात खाली ठेवून भरलेला तांब्या उचला. कोपराच्या बाहेरच्या टोकाला कळ आली तर संशय खरा. कळ आतल्या टोकाला आली तर ती गोल्फर्स एल्बो. गोल्फ खेळणारे तिथेही औषधालाच.

आता यातली खरी चमत्कारिक गोष्ट. कोपरात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं की काही आठवडे स्वर्ग. पेशंट खूश, डॉक्टर खूश. पण अनेक चाचण्यांत दिसलं, की वर्षभराने इंजेक्शन घेतलेल्यांची अवस्था न घेतलेल्यांपेक्षा वाईट असते, दुखणं उलटून येतं. फ्रोजन शोल्डरमध्ये मदतीला येणारं औषध हातभर खाली उतरल्यावर असं फिरतं. कारण खांद्यात सूज असते. इथे प्रश्न झिजलेल्या धाग्यांचा आहे. बहुतेक कोपरं वर्षभरात आपणहून सुधारतात. तोवर पिळण्याचं काम घरातल्या दुसऱ्यावर ढकला (कुणी तयार झालं तर), कोपराखाली पट्टा बांधा, आणि मिठाची एक किलोची पिशवी धरून, तळहात खाली ठेवून, मनगट सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम करा. उचलताना दुसऱ्या हाताची मदत घ्यायची, सोडताना नाही. हा व्यायाम कंटाळवाणा आहे, पण गुण देतो.

क्रिकेटच्या कोपरांत मुथय्या मुरलीधरनचं कोपर सगळ्यांत गाजलं. जन्मतःच ते पूर्ण सरळ होत नाही. त्यावरून इतकी वादावादी झाली, की अखेर आयसीसीने सगळ्याच गोलंदाजांना चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपर्यंत सरळ होण्याची मुभा दिली. आणि नीरज चोप्रा? त्याच्या उजव्या कोपरात हाडाचे तुकडे सुटले होते. मे २०१९ मध्ये मुंबईत ऑपरेशन झालं आणि ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत त्याच हाताने ८७.५८ मीटर भाला फेकून सोनं आणलं.

कोपर दाराला आपटल्यावर करंगळीपर्यंत जी वीज खेळते, ती हाडाची नाही. अल्नर नावाची नस तिथे कातडीच्या अगदी खाली, हाडाच्या खाचेतून जाते. तासन्‌तास कोपर दुमडून फोन कानाला लावणाऱ्यांची करंगळी आणि अनामिका बधिर होते ती याच नसेमुळे. कुष्ठरोगही याच नसेवर घाव घालतो आणि बोटं आकड्यासारखी वळतात. वेल्लोरला १९४० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. पॉल ब्रँड यांनी चांगल्या स्नायूंच्या कंडरा वळवून असे हात पुन्हा उघडायला शिकवलं. आपल्याकडे डॉ. नोशीर अँटिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्याला आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हे काम उभं केलं. भारतातल्या हाताच्या शस्त्रक्रियेची पायाभरणी अशी उपेक्षितांच्या हातांवर झाली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती.

कोपराचे दोन किस्से लहान मुलांचे. एक हसण्यावारी नेण्याजोगा, दुसरा अजिबात नाही.

पहिला: दोन वर्षांचं पोर रस्त्यात बसकण मारतं, बाबा मनगट धरून वर ओढतात, आणि पोर हात लोंबकळत ठेवून रडायला लागतं. कोपरातल्या एका हाडाचं डोकं भोवतालच्या बंधातून निसटलेलं असतं. डॉक्टर पंजा एका विशिष्ट दिशेने वळवतात, टक्‌ होतं, आणि दहा मिनिटांत पोर त्याच हाताने बिस्किट मागतं. पाच वर्षांपुढे हे क्वचितच होतं. मनगटाला धरून मुलांना झोके देऊ नका, काखेत धरा.

दुसरा: सहा-सात वर्षांचं मूल झाडावरून पडतं आणि कोपराच्या वरचं हाड मोडतं. गावातला हाडवैद्य लेप लावतो, बांबूच्या पट्ट्या घट्ट आवळतो. आत सूज वाढते, बाहेर बंध सैल होत नाहीत, स्नायूंचं रक्त तुटतं. जर्मनीच्या रिखार्ड फॉन फोल्कमन यांनी १८८१ मध्ये याचं वर्णन लिहिलं: काही तासांत स्नायू मरतात आणि पंजा कायमचा वाकडा होतो. कोपर मोडल्यावर मालिश केली तर आणखी एक भानगड. स्नायूतच नवं हाड तयार होतं आणि कोपर हलेनासं होतं. हाडवैद्यांपैकी काहींच्या हाताला गुण असेल, मी नाकारत नाही. पण मुलाचं कोपर त्यांच्या हाती देऊ नये, या मतावर मी ठाम आहे.

मनगट वय सांगतं

तान्ह्या बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढा. आठ छोट्या हाडांच्या जागी एकही दिसत नाही! ती तेव्हा कूर्चेची असतात आणि वर्षागणिक एकेक करून हाडाची होत जातात. शेवटचं हाड दिसायला दहाएक वर्षं लागतात. म्हणूनच १६ वर्षांखालच्या क्रिकेटमध्ये बीसीसीआय मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासते. जन्मदाखल्यात फेरफार करता येतो, मनगटात नाही.

मोठेपणी तोल गेला की आपण हात पुढे टेकतो आणि मनगट मोडतं. डब्लिनच्या अब्राहम कोलिस यांनी या फ्रॅक्चरचं अचूक वर्णन लिहिलं १८१४ मध्ये, एक्स-रेचा शोध लागण्याच्या ८१ वर्षं आधी, केवळ बोटांनी चाचपून. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडलं तर प्लास्टर सुटल्यावर विषय संपवू नका. हाडांची ठिसूळता तपासून घ्या, कारण पुढचा नंबर खुब्याचा असू शकतो.

अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी एक खळगा पडतो. तपकीर ओढणारे चिमूट तिथे ठेवत. पडल्यानंतर नेमकं तिथे दाबून दुखलं तर स्कॅफॉइड नावाच्या हाडाला तडा गेलेला असू शकतो. हे हाड लबाड आहे. पहिल्या एक्स-रेत तडा बऱ्याचदा दिसतच नाही, आणि त्याला रक्त उलट्या दिशेने, बोटांकडून मिळतं. तडा दुर्लक्षिला तर मागचा तुकडा मरतो. 'एक्स-रे नॉर्मल आहे, मुरगळलंय फक्त' असं ऐकूनही दोन आठवड्यांनी दुखत असेल तर दुसरा एक्स-रे मागा. संकोच करू नका.

रात्री दोन वाजता हात बधिर होतो, जाग येते, हात झटकला की बरं वाटतं: हा कार्पल टनेल. मनगटातल्या बोगद्यात मीडियन नस दबते आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका मुंग्यांनी भरते. करंगळी सुटते, कारण तिची नस वेगळ्या वाटेने जाते. गरोदरपण, थायरॉइड, मधुमेह यांत हे वाढतं. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर खापर फुटतं, पण त्याच्याविरुद्धचा पुरावा लोकांना वाटतो तेवढा भक्कम नाही. दोन्ही पंजे उलटे जुळवून मनगटं मिनिटभर वाकवून ठेवा. मुंग्या आल्या तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा वापरून पाहा, पुष्कळांना तेवढा पुरतो. अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा सुकायला लागला असेल तर मात्र वाट पाहू नका. बोगद्याचं छप्पर कापायचं ऑपरेशन छोटं असतं, जागेवर भूल देऊन होतं.

आणि ते कोखरांचे वारसदार: फ्रिट्झ द केरव्हाँ. कोखरांच्या पश्चात बर्नमध्ये त्यांच्याच जागेवर आलेले, तेही थायरॉइडचे जाणकार, आणि १८९५ मध्ये अंगठ्याच्या बाजूच्या मनगटाचं दुखणं सांगून त्याला आपलं नाव देऊन बसलेले. आज हे दुखणं सगळ्यांत जास्त दिसतं ते नव्या आयांमध्ये, बाळाला काखेत हात घालून दिवसभर उचलणाऱ्या. दिवाळीत चकलीचा सोऱ्या पिळून झाल्यावरही मनगट असंच ठणकतं. अंगठा मुठीत घालून मूठ करंगळीकडे झुकवा, दुखणं असेल तर कळ मस्तकात जाईल. अंगठ्यासकट आधार देणारा पट्टा लावावा. इथे स्टेरॉइडचं इंजेक्शन चांगलं चालतं. बाळाला अंगठ्याच्या बेचक्यात न उचलता तळहातांवर घ्या, आणि घरच्यांनी आलटून पालटून घ्यावं, हे वेगळं सांगायला नको.

मनगटावर आलेली टणक गाठ, गँगलिअन, बहुधा निरुपद्रवी. इंग्लंडात पूर्वी तिच्यावर जाडजूड बायबल आपटून ती फोडत. तुम्ही ग्रंथ आपटू नका. जवळपास निम्म्या गाठी काही वर्षांत आपोआप विरतात.

बोटं मोडणाऱ्यांना दिलासा

बोटांत स्नायू नसतात. बोटं हलतात ती कोपराखालच्या आणि तळहातातल्या स्नायूंनी, लांबलचक कंडरांच्या दोऱ्या ओढून. पंजा टेबलावर टेकवा, मधलं बोट आत दुमडा, आणि आता अनामिका उचलून दाखवा. नाही उचलत! शेजारच्या कंडरांशी ती बांधलेली आहे.

या कंडरा बोटाच्या मुळाशी एका कडीतून सरकतात. तिथे सूज आली की सकाळी बोट मिटलेलं राहतं आणि दुसऱ्या हाताने उघडताना टक्‌ आवाज येतो: ट्रिगर फिंगर. इथेही मधुमेह्यांचा नंबर वर. एक इंजेक्शन निम्म्याहून जास्त लोकांना पुरतं, नाहीतर कडी कापायची.

गल्ली क्रिकेटमध्ये झेल घेताना चेंडू बोटाच्या टोकावर बसला आणि शेवटचं पेर खाली लोंबायला लागलं, तर त्याला मॅलेट फिंगर म्हणतात. उपाय साधा आणि क्रूर: पेर सरळ ठेवणारी पट्टी सहा ते आठ आठवडे, दिवसरात्र. आंघोळीला काढली आणि पेर एकदा जरी वाकलं, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

बोटं कडाकडा मोडल्याने संधिवात होतो का? कॅलिफोर्नियाच्या डोनाल्ड उंगर यांना आईने तसं बजावलं होतं. त्यांनी पन्नास वर्षं रोज किमान दोनदा फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजवा हात तुलनेसाठी तसाच ठेवला. हिशोब किमान ३६,५०० वेळांचा. १९९८ मध्ये त्यांनी जाहीर केलं: दोन्ही हात सारखेच, संधिवात कुठेच नाही. २००९ साली त्यांना इग नोबेल मिळालं. आवाज हाडांचा नसून सांध्यातल्या द्रवात अचानक होणाऱ्या वायूच्या पोकळीचा असतो. तेव्हा सासूच्या नावाने बोटं मोडायला वैद्यकशास्त्राची हरकत नाही.

संधिवात म्हणजे तरी कोणता? बोटांच्या टोकाच्या सांध्यांवर गाठी, अंगठ्याच्या मुळाशी दुखणं, बरणीचं झाकण उघडताना कळ: ही वयाची झीज, पाळी गेल्यानंतर बायकांत जास्त. सकाळी तासभर बोटं ताठ, दोन्ही हातांची मुळाकडची आणि मधली पेरं सुजलेली: हा आमवात, म्हणजे रुमॅटॉइड, असू शकतो. चित्रकार रेन्वार याने या आजाराने वळलेल्या बोटांत कुंचला अडकवून १९१९ मध्ये मरेपर्यंत चित्रं काढली. त्याच्या काळी इलाज नव्हता, आज आहे. मेथोट्रेक्सेटसारखी औषधं पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर बोटं वाकडी होणं बहुतांशी टळतं. पण ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून डब्यावर वार लिहून ठेवा.

थांबू नका

प्लास्टरमधल्या हाताची बोटं सरळ केल्यावर असह्य कळ, बोटं थंड किंवा बधिर: त्याच रात्री दवाखाना गाठा, सकाळची वाट नाही. सांधा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप: आत पू असू शकतो. बोट सुजून अर्धवट वाकलेलं, आणि सरळ करताना पूर्ण लांबीभर ठणका: हा संसर्ग कंडरेच्या नळीतून तळहाताकडे पसरतो. काच किंवा विळी लागून जखम लहान दिसते, पण बोट वाकत नाही: कंडरा तुटली आहे, टाके वरवर घालून भागणार नाही.

आणि हात चेपला, मोडला, मुरगळला की कुठेही निघण्याआधी त्या हातातल्या अंगठ्या आणि बांगड्या उतरवा. सूज चढल्यावर अंगठी साबणाने निघत नाही, कापावी लागते.